८८ एच: टायरवरचा आकडा आणि अक्षर

टायर घेताना लोक १८५/६५ आर १५ एवढं सांगतात आणि थांबतात. त्याच्यापुढचं ८८ एच कुणी वाचत नाही. गाडी किती ओझं नेईल, हे तिथे लिहिलेलं असतं.

८८ म्हणजे किलो नव्हेत, तो तक्त्यातला क्रमांक, म्हणजे भारांक. ८४ ला ५०० किलो, ८८ ला ५६०, ९१ ला ६१५. हा भार एका टायरचा, आणि तोही पुरी हवा असताना. साध्या टायरसाठी ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) धरतात.

सात सीटची गाडी घ्या. माणसं-सामान धरून कमाल वजन समजा १,७८० किलो. चाराने भागून ४४५ काढणारे इथेच फसतात. मागची सीट भरली, डिक्कीत नाशिकला न्यायच्या बॅगा कोंबल्या, की ५५ टक्के वजन मागे जाऊ शकतं. मग मागच्या एकेका टायरवर ४९० किलो.

आता इंदूरच्या दुकानात तुमचा १८५/६५ संपलाय म्हणून १८५/६० पुढे येतो (दुसरा आकडा म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत). "भिया, रिम सेम है, चढ़ जाएगा." चढतो, खोटं नाही. पण या मापात भारांक बहुतेकदा ८४ असतो. ५०० मधून ४९० गेले, उरले दहा. हवा ३० वर आली तर क्षमता साधारण ४३० ते ४४५ किलोच उरते. टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते, थर सुटतात. मे महिन्यात इंदूर-नाशिक वाटेवर सेंधव्याजवळ भरल्या गाडीचा टायर फुटायला एवढं पुरतं. शिवाय या टायरची उंची १८ मिमीने कमी, त्यामुळे स्पीडोमीटर साधारण तीन टक्के जास्त दाखवतो आणि गाडी ९ मिमी खाली बसते.

एक्सएल, म्हणजे जादा भाराच्या टायरचा आकडा मोठा असतो, १८५/६५ आर १५ मध्ये ९२, म्हणजे ६३० किलो. पण ते ४२ पीएसआयला. ३३ भरून ६३० ची अपेक्षा धरू नका.

अक्षर कमाल वेगाचं, ताशी किलोमीटरमध्ये: एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०. एच क्रमाने येत नाही, तो यू आणि व्हीच्या मध्ये बसतो. एक्सप्रेसवेवरही कारला कमाल १२० चीच मुभा, मग एच कशाला? कारण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं. कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचं घेऊ नका. वरच्यासाठी जास्त पैसे मोजायची मात्र गरज नाही. भारांक कमी करणं तर कुठल्याच सवलतीत परवडत नाही.

हवेचे आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतात, पुष्कळ गाड्यांत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे. निघण्याआधी, टायर थंड असताना भरा. वाटेत खलघाटला पोचेपर्यंत चार-पाच पीएसआय वाढतील. ती हवा काढायची नाही.

स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावरचं वाचा: वेग ८० पर्यंत, हवा ६० पीएसआय. डिक्कीत पडून ती नेमकी रिकामी झालेली असते.