गीआ: भाडेकरूंनी विकत घेतलेलं बेट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत, किंटायर द्वीपकल्पासमोर गीआ नावाचं एक चिंचोळं बेट आहे. लांबी दहा-अकरा किलोमीटर, रुंदी अडीचच्या आतबाहेर. ग्लासगोहून कॅम्पबेलटाउनच्या बसने टेइनलोनला उतरायचं आणि फेरीबोटीत बसायचं. वीस मिनिटांत आर्डमिनिशचा धक्का येतो. बहुतेक प्रवासी इथे आखामोरची बाग बघायला येतात. मला बघायची होती ती इथली घरं.

बागेची गोष्ट आधी सांगते, कारण घरांची गोष्ट तिच्यातूनच सुरू होते. 1944 मध्ये सर जेम्स हॉर्लिक यांनी हे अख्खं बेट विकत घेतलं. आजारी माणसाला भेटायला जाताना आपल्याकडे ज्याची बाटली नेत, त्या हॉर्लिक्सच्याच घराण्यातले हे गृहस्थ. त्यांनी जगभरातून ऱ्होडोडेंड्रॉनची फुलझाडं आणून लावली आणि बाग खरोखर देखणी केली. पण बेट एका माणसाचं म्हणजे शेतं त्याची, हॉटेल त्याचं आणि लोक राहतात ती घरंही त्याचीच. 1972 मध्ये ते वारले आणि पुढे बेटाचे मालक बदलत गेले. त्यातला एक कर्जात बुडाला आणि बेट बँकेच्या ताब्यात गेलं. ज्या घराचं भाडं आपण भरतो त्याचा उद्याचा मालक कोण, हे ठाऊक नसताना छपरावर पैसे कोण घालणार? मालक दुरुस्ती करत नव्हता आणि भाडेकरूची हिंमत होत नव्हती. तरुण मंडळी मुख्य भूमीकडे निघून गेली. वस्ती शंभराच्या खाली आली, शाळेत सहा मुलं उरली.

2001 मध्ये बेट पुन्हा विक्रीला निघालं, तेव्हा ते आपणच घ्यावं असा विचार पुढे आला. सुरुवातीला बरेच जण साशंक होते, आणि ते साहजिकच होतं. पण बैठका झाल्या, मतदान झालं आणि 15 मार्च 2002 रोजी गीआ तिथल्या रहिवाशांच्या ट्रस्टच्या नावावर झालं. किंमत 40 लाख पौंड. बरीचशी रक्कम सार्वजनिक निधीतून अनुदान म्हणून मिळाली, पण त्यातले 10 लाख कर्ज होते आणि ते दोन वर्षांत फेडायचे होते. लोकांनी पै-पैसा गोळा केला, शिवाय मालकांची हवेली विकून टाकली. बाग मात्र ठेवली. हा निर्णय मला फार आवडला.

मग घरांची पाहणी झाली. ट्रस्टच्या हाती आलेल्या चाळीसेक घरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश घरं कायद्याने ठरवलेल्या किमान दर्जाच्याही खाली होती. दुकानाजवळच्या बाकावर एक वयस्क बाई भेटल्या, त्यांनी त्या दिवसांचं वर्णन केलं. "खिडकी घट्ट लावली तरी पडदा हलायचा. हिवाळ्यात पलंग भिंतीपासून हातभर लांब ठेवायचा, नाहीतर गादीला बुरशी धरायची." आता त्यांच्या घराला दुहेरी काचेच्या खिडक्या आहेत. भिंतींना आतून उष्णतारोधक थर दिलाय, छपराच्या पाट्या नव्या आहेत. त्यांनी मला आत नेऊन भिंतीला हात लावायला लावला. भिंत कोरडी होती. त्या भिंतीचा त्यांना वाटणारा अभिमान बघून मला भरून आलं.

घरांसाठी पैसा कुठून येतो, ते बघायला सायकलने दक्षिण टोकाकडे गेले. तिथे तीन पवनचक्क्या आहेत. दुसरीकडे वापरून झालेल्या, प्रत्येकी 225 किलोवॅटच्या, त्या इथे आणून उभ्या केल्या. लोक त्यांना 'नाचणाऱ्या बायका' म्हणतात. 2005 पासून त्यांची वीज ग्रिडला विकली जाते आणि नफ्यातून घरांची दुरुस्ती होते. 2013 मध्ये चौथीही आली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सिमेंटच्या गोणीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत प्रत्येक वस्तू फेरीतून येते, त्यामुळे बांधकाम महाग पडतं. ट्रस्टवर कर्जाचा बोजा चढला, काही घरांचा नंबर वर्षानुवर्षं लागला नाही, त्यावरून कुरबुरीही झाल्या. पण पूर्वी ज्याच्यावर रागवायचं तो मालक दूर कुठेतरी असायचा. आता ट्रस्टचे संचालक गावातलेच, लोकांनी निवडून दिलेले. त्यांना दुकानात गाठून जाब विचारता येतो. माझ्या मते हा बदल खिडक्यांइतकाच मोलाचा आहे.

दुरुस्तीबरोबर नवी घरंही हवी होतीच. फाइन होम्स या गृहनिर्माण संस्थेने आर्डमिनिशमध्ये भाड्याची 18 घरं बांधली. सुट्टीपुरतं येणाऱ्या श्रीमंतांनी घरं घेऊन ठेवली की गावातल्या पोरांना काही परवडत नाही, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला सांगायला नको. त्यासाठी स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने एक चांगली सोय केली आहे. ग्रामीण गृहनिर्माण संस्थेने जमीन किंवा घर विकताना अशी अट घालता येते की पुढे ते विकायला निघालं, तर घेण्याचा पहिला हक्क त्या संस्थेचा.

2011 च्या जनगणनेत गीआची वस्ती 163 भरली. शाळेतली मुलंही वाढली.

जाणार असाल तर मे महिन्यात जा, बाग फुललेली असते. आणि बागेतून थेट परतीच्या फेरीकडे पळू नका. एकच मुख्य रस्ता आहे, चुकायची भीती नाही. सायकल घ्या, घरं बघत सावकाश फिरा, रात्रीचा मुक्काम बेटावरच करा. तुमचे पैसे तिथेच खर्च होतील.