कोरी पाने

११ जून, रात्री

आज माळ्यावरची ट्रंक उतरवली. आत्याच्या वस्तूंमध्ये तिची जाड, लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही निघाली. पहिल्या दहा-बारा पानांवर दूध, रॉकेल आणि धोब्याचे हिशेब आहेत. त्यापुढे मात्र 'साधना' साप्ताहिकातून कापलेली साने गुरुजींची पत्रे खळीने चिकटवलेली आहेत. कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कोपरा पापडासारखा तुटतो. महायुद्धात सुरू झालेली कागदाची टंचाई युद्धाबरोबर संपली नव्हती, आणि त्या काळी मिळेल त्या कागदावर छापावे लागे, हे ती सांगत असे.

पत्रे गुरुजींनी आपल्या पुतणीला, सुधाला, लिहिलेली आहेत. आत्या तेव्हा साधारण तिच्याच वयाची असावी, कारण दोन-तीन ठिकाणी 'सुधा' या छापील नावावर पेन्सिलीने बारीक रेघ मारून तिने वर स्वतःचे घरचे नाव लिहिले आहे. मला हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले. दुसऱ्याचे पत्र चोरून वाचताना पकडले जावे, तसे.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांतली आशा म्हटली की आपल्याला अग्रलेख आठवतात. मला मात्र ती आशा या पत्रांत अधिक खरी वाटते, कारण ती घोषणा करीत नाही. पाऊस, फुले, वाचलेली पुस्तके, देशात काय चालले आहे, सारे एकाच ओघात येते. मुलीला लिहायचे म्हणून जग गोड करून सांगण्याचा मोह त्यांनी टाळला आहे, आणि तिला ते समजेल हा त्यांचा विश्वासच मला सर्वांत आशावादी वाटतो.

हे लिहिणारा माणूस त्या दिवसांत कशातून गेला होता, ते विसरून ही पत्रे वाचता येत नाहीत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. पुढच्याच वर्षी, जानेवारीत, गांधीजींचा खून झाला. मारेकरी महाराष्ट्रातला, आणि त्यामागोमाग याच महाराष्ट्रात कितीतरी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. मग 'कर्तव्य' हे सायंदैनिक काढले, ते फार टिकले नाही, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' सुरू केले. उपोषणावरून उठलेल्या माणसाने त्याच वर्षी दोन-दोन नियतकालिके काढावीत, यात हट्ट किती आणि उमेद किती, हे मला सांगता येत नाही. कदाचित त्यांनाही सांगता आले नसते.

आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. वय पन्नास. आजची तारीख तीच आहे हे ट्रंक उघडताना माझ्या ध्यानात नव्हते.

पुष्कळ लोक यावरून म्हणतात की आतून खचलेला माणूस वरवर धीर देत होता. मला हे पटत नाही. आपल्यापाशी पुरेसे उरलेले नाही हे ठाऊक असूनही, जे आहे ते मुलीच्या ओंजळीत घालणे ही बतावणी नव्हे. आत्यानेही ती तशी मानली नसावी. नाहीतर वही तिने फेकली असती.

शेवटच्या पत्रानंतर तेवीस पाने कोरी आहेत. प्रत्येक पानावर, पुढची पत्रे सरळ रेषेत चिकटवता यावीत म्हणून, तिने पट्टीने समास आधीच आखून ठेवले आहेत.