अण्णा, नाना आणि आठ किलोमीटर

माणसं बोलतात त्यापेक्षा फार टोकाचा विचार करतात, हे मला रिटर्न भरता भरता कळलं. बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं करसल्लागाराचं ऑफिस आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी चालवते. बँकेचे व्याजाचे दाखले, पेन्शनची स्लिप, दुकानाचे चोपडे टेबलावर पसरले की समोरचा माणूस एखादं वाक्य असं टाकून जातो, जे त्यानं घरी जेवताना कधी उच्चारलेलं नसतं. पैशाचा हिशेब उघडा झाला की मनातलाही थोडा होतो, असा माझा अनुभव.

अशाच दोघांबद्दल आज लिहितेय. दोघांना विचारलंय. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. एकाला अण्णा म्हणू, दुसऱ्याला नाना.

अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. गणेशोत्सवात पुढे, कोणाच्याही मयताला सगळ्यात आधी हजर, आवाज कधी चढत नाही. मनातून त्यांचं मत असं, की वारसाहक्कच नसावा. माणूस गेला की त्याची सगळी मालमत्ता समाजाची. मुलाला शिकवा, पायावर उभं करा, पण घर-शेत-शेअर आयते देऊ नका. हे त्यांच्या सुनेला माहीत नाही. मुलाला तर नाहीच.

नानांचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, नळाचं सामान. एका देवस्थानाच्या ट्रस्टवर आहेत, सगळ्या पक्षांना वर्गणी देतात. त्यांचं आतलं मत, की सरकार ही गोष्टच नको. आयकर म्हणजे सरळ हिसकावून घेणं. प्रत्येक वस्तीनं आपला कारभार आपण बघावा, वरती कोणी नको. यातलं अक्षरही ते ट्रस्टच्या बैठकीत बोलत नाहीत.

दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. एकमेकांना ‘देवभोळा पेन्शनर’ आणि ‘पैशापुरतं बघणारा व्यापारी’ समजून चाललेले, कितीतरी वर्षं.

असं का होतं याचं मला नवल वाटत नाही. बडोद्यातल्या मराठी समाजातलं आमचं वर्तुळ लहान. कोण कोणाचा मेव्हणा निघेल सांगता येत नाही. मुलीचं लग्न, भाडेकरू, ट्रस्टची निवडणूक, सगळं त्याच चारशे घरांत. तिथं ‘वारसा बंद करा’ म्हणणाऱ्याकडे सोयरिक कोण करणार? आणि हे या गावात जुनंच आहे. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. सुरुवातीच्याच दिवसांत मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये त्यांनी काँग्रेसच्या मवाळपणावर कडक लेखमाला लिहिली, ती निनावी. पत्राचे संपादक केशवराव देशपांडे त्यांचे केंब्रिजचे मित्र. तरीही न्यायमूर्ती रानड्यांनी मालकांना सावध केलं आणि लेखांचा सूर खाली आणावा लागला. इतक्या मोठ्या माणसाला नाव झाकून लिहावं लागलं, तर पेन्शनरानं गप्प राहावं यात काय विशेष!

जुलैचा शेवटचा आठवडा होता. माझ्याकडे बाकावर जागा नसते तेव्हा. अण्णा आणि नाना शेजारी शेजारी बसले होते, हातात आपापल्या पिशव्या. मी फोनवर एकांना समजावत होते, की विकलेली शेतजमीन महानगरपालिकेच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या पलीकडे असेल तर ती करासाठी भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणजे नफ्यावर कर शून्य. दहा लाखांवर वस्तीच्या शहराला आठ किलोमीटर, त्याहून लहान शहरांना सहा किंवा दोन. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. मी फोन ठेवला.

नाना म्हणाले, “म्हणजे ताई, मी दिवसभर उभा राहून खिळे विकतो, त्यावर कर. आणि रस्ता आला म्हणून ज्याच्या जमिनीचा भाव दसपट झाला, त्याला माफी?”

अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, “तो रस्ताही त्यानं बांधलेला नाही.”

नाना वळून त्यांच्याकडे बघायला लागले. मग जे सुरू झालं ते मी कामं सारत ऐकत राहिले. चहा आला, गार झाला, पुन्हा मागवला.

अण्णांनी १९८५ काढलं. १९५३ पासून आपल्याकडे इस्टेट ड्यूटी होती. मयताच्या मालमत्तेवरचा कर, वीस लाखांच्या वरच्या भागावर तर ८५ टक्के. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना ती गेली. सरकारच्या हातात पडत होतं थोडं, कटकट फार. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्तिकरही गेला. अण्णा म्हणाले, “आयतं मिळालेल्यावरचे कर एकेक करून गेले. पगारावरचा मात्र पगार हातात यायच्या आधीच कापतात.”

मला वाटलं, आता नाना भडकणार. ८५ टक्के ऐकून कुठला व्यापारी गप्प बसेल? १९७३-७४ साली आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. नानांच्या वडिलांनी तो काळ पाहिलेला, नाना अजून त्याच्या गोष्टी सांगतात. पण ते म्हणाले, “माझ्या कमाईला हात लावू नका. मी मेल्यावर घ्या की. पोरानं कुठं कमावलंय?”

इथे दोघांची गाठ पडली.

मी नंतर बराच विचार केला. नानांचा पाया असा, की माणूस जे आपल्या कष्टानं उभं करतो ते पूर्ण त्याचं, त्यावर कोणाचा अधिकार नाही. हे शेवटपर्यंत ओढलं, तर जमिनीचं काय करायचं? जमीन कोणीच बनवली नाही. तिचा भाव वाढतो तो शेजारी वस्ती होते, शाळा निघते, बस सुरू होते म्हणून. बडोद्याच्या कडेला भायली, सेवासीकडे जाऊन पाहा. वीस वर्षांपूर्वी एरंड आणि कपाशी होती तिथे आज बंगल्यांच्या स्कीम आहेत. तो वाढलेला भाव सगळ्या गावाचा. अण्णांचा पाया वेगळा, की न कमावलेली संपत्ती अन्याय आहे. तेही शेवटपर्यंत ओढलं की तिथेच येऊन थांबतं. म्हणून दोघांना पटलं ते हे: घामाच्या कमाईवर कर नको, आणि जमिनीच्या वाढलेल्या भावातला मोठा हिस्सा समाजाला परत.

कोणी समजूतदार मध्यस्थ असता, तर ‘थोडा आयकर कमी करू, थोडा वारसाकर लावू’ असं काहीतरी सुचवलं असतं. दोघांनी मान डोलावली असती आणि मनातून दोघांनाही ते पटलं नसतं. आपलं मत बोथट करून भेटणं मला आता फसवं वाटतं. ही दोघं आपापल्या टोकापर्यंत गेली आणि तिथे त्यांना एकमेक सापडले. हा विचार त्यांचाच आहे असंही नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हेन्री जॉर्ज यांनी फक्त जमिनीवर कर लावा अशी मांडणी केली, आणि बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमनसुद्धा जमिनीवरच्या कराला सगळ्यांत कमी वाईट कर म्हणत. मी हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, “अमेरिकेत कशाला जाता? विनोबा बडोद्यातच शिकले.” खरं आहे. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरून काशीला गेले. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली, रामचंद्र रेड्डींनी शंभर देऊ केली, आणि भूदान सुरू झालं. जमीन कोणाच्या मालकीची नाही म्हणणारे विनोबा शासनमुक्त समाजही मागत होते. अण्णांना त्यांचं पहिलं वाक्य हवं, नानांना दुसरं.

आणि भांडण तिथेच शिल्लक आहे. हा पैसा ठेवायचा कोणाकडे? अण्णा म्हणतात सरकारकडे, नाहीतर इस्पितळं कोण चालवणार. नाना म्हणतात सरकारकडे गेला की संपला, वस्तीकडेच राहू द्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण ते देतात. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते, आणि २०१३ मध्ये गावानं आपली जमीन ग्रामदानात दिली, म्हणजे मालकी गावाच्या नावे केली. अण्णांचा प्रश्न रास्त आहे: ते गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, दांडिया बाजाराची ग्रामसभा कशी भरवणार? मला स्वतःला अण्णांची भीती जास्त पटते, पण नानांकडचं उत्तर मला आवडतं.

आता दोघांना मृत्युपत्र करायचं आहे. मुलांशी आधी बोला, मग कागद करू, असं मी सांगितलं. अण्णा मुलाशी बोलले. दोन दिवस घरात अबोला होता, मग मुलानं विचारलं, “सगळंच देणार, की राहतं घर सोडून?” नानांनी अजून तोंड उघडलेलं नाही. नानांची अडचण कायद्याचीही आहे. त्यांना दुकानामागचा प्लॉट वस्तीला द्यायचाय, पण शहरात ‘वस्ती’ नावाची कायदेशीर व्यक्ती नाही. सार्वजनिक न्यास करावा लागेल. न्यास म्हटला की विश्वस्त आले, आणि विश्वस्तांची मुलं विश्वस्त होताना नानांनी आपल्या देवस्थानात पाहिलेली आहेत. अण्णांचं म्हणणं, विश्वस्तांचा नातेवाईक पुढचा विश्वस्त होणार नाही असं न्यासपत्रातच लिहा. नाना म्हणतात, विश्वस्त चिठ्ठी टाकून काढा, दर तीन वर्षांनी. मसुद्यात मी सध्या दोन्ही कलमं घातली आहेत.