संकष्टीच्या उपवासात साखर येते कुठून?

सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की शरीराच्या लेखी उपवास तिथेच संपला. ७० ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे जवळपास ६० ग्रॅम पिष्ट, आणि त्याचं ग्लुकोजच होतं. त्यामुळे पुढचं सगळं आदल्या रात्री नऊला जेवून थेट चंद्रोदयानंतरच पानावर बसणाऱ्यांसाठी.

एकट्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, साठा असतो जेमतेम १०० ग्रॅम. स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट असतो, पण स्नायूंकडे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम नाही, म्हणून तिथली साखर रक्तात उतरतच नाही. ती स्नायूंनी स्वतःच वापरायची.

मग यकृत नवं ग्लुकोज बनवतं. हे काम रात्री झोपेतच सुरू झालेलं असतं. साठा आटत जातो तसा त्याचा वाटा वाढतो. मूत्रपिंडही हातभार लावतं. कच्चा माल तीन ठिकाणांहून येतो: तांबड्या पेशी आणि स्नायूंनी ग्लुकोज वापरून सोडलेलं लॅक्टेट, स्नायूंच्या प्रथिनांतून निघालेली ॲलानिनसारखी अमिनो आम्लं आणि चरबी फुटल्यावर सुटणारं ग्लिसरॉल. लॅक्टेटचा हा फेरा कोरी दाम्पत्याने उलगडला. त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं.

‘उपवासात चरबीची साखर होते’ हे सर्रास ऐकू येतं. ग्लिसरॉलचा छोटा भाग सोडला तर ते चूक आहे. चरबीतल्या मेदाम्लांचं ॲसिटिल-कोए हा छोटा रेणू होतो, आणि तिथून पायरुव्हेटकडे, म्हणजे ज्यापासून ग्लुकोज बांधता येतं त्या रेणूकडे, परतीची वाट नाही. तरीही चरबीशिवाय हे काम चालत नाही, आणि मला यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. पायरुव्हेटपासून ग्लुकोजचा एक रेणू बांधायला ४ एटीपी आणि २ जीटीपी (पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्ची पडतात. ती ऊर्जा मेदाम्लं जळून मिळते. शिवाय तेच ॲसिटिल-कोए पायरुव्हेट कार्बॉक्सिलेज या पहिल्याच एन्झाइमला चालना देतं.

या सगळ्याला लगाम इन्सुलिनचा. ते उतरलं की यकृत कामाला लागतं. म्हणूनच मधुमेह असणाऱ्यांनी ग्लिमेपिराइड (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी) किंवा इन्सुलिन नेहमीच्याच डोसमध्ये घेऊन कडक उपवास करणं धोक्याचं: पोट रिकामं, पण इन्सुलिन चढंच, आणि यकृताचे हात बांधलेले. संध्याकाळी सारसबागेत दर्शनाच्या रांगेत घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. चंद्र उगवायची वाट बघू नका.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांत धोका वेगळा. उपाशीपोटी कीटोन (चरबीपासून यकृतात बनणारी द्रव्यं) वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, उलटी, धाप लागली तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर न विसंबता दवाखाना गाठा. डोस बदलायचा की गोळी थांबवायची, हे डॉक्टरांना चतुर्थीच्या चार दिवस आधी विचारा.