लिंकनचा बाक आणि तीन पाद्री

आज वॉशिंग्टनमधल्या न्यूयॉर्क अव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जाऊन आलो, खरं तर लिंकन बसायचा तो बाक बघायला (अजून जपून ठेवलाय) पण डोक्यात राहिले ते तिथले मिनिस्टर, म्हणजे मंत्री नव्हे हो, पाद्री! लिंकनच्या वेळी फिनियस गर्ली होते. १८६२ मध्ये लिंकनचा ११ वर्षांचा मुलगा विली गेला तेव्हा अंत्यविधीचं प्रवचन यांनीच केलं आणि तीन वर्षांनी खुद्द लिंकनचंही यांनीच. एकाच घरात दोनदा असं उभं राहायचं, कसं जमलं असेल या माणसाला देव जाणे.

मग बऱ्याच वर्षांनी, १९३७ ला पीटर मार्शल आले, स्कॉटलंडहून हातात काही नसताना अमेरिकेत आलेला माणूस, पुढे अमेरिकन सिनेटचे चॅप्लेन (सभागृहात प्रार्थना घेणारे पाद्री) झाले आणि १९४९ मध्ये ४६ व्या वर्षी हार्टने गेले. त्यांच्यानंतरचे डोचर्टीही स्कॉटिशच! १९५४ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर समोर बसलेले असताना त्यांनी सांगितलं की अमेरिकन झेंड्यासमोर घेतात त्या निष्ठेच्या शपथेत देवाचं नाव पाहिजे, आणि त्याच जूनमध्ये कायदा झालासुद्धा. हे मला फारसं पटलं नाही, पण हेच डोचर्टी १९६५ ला कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठीच्या मोर्चात सेल्मालाही गेले होते, ते वाचलं आणि मग त्या बाकापाशी जरा वेळ उभाच राहिलो, बायको बाहेरून फोन करत होती पार्किंग संपतंय म्हणून.