खरा निघालेला लसण्या

आमच्या प्रयोगशाळेत माणसं येतात ती आपला दगड खरा निघावा म्हणून. मुंबईत झवेरी बाजाराजवळ मी रत्नपरीक्षणाचं काम करते; काउंटरवरची ती धाकधूक आता ओळखीची झाली आहे. त्या दिवशी चिपळूणहून आलेल्या मावशी मात्र दगड खोटा निघावा म्हणून आल्या होत्या.

सोबत सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. त्याच्या मधल्या बोटात चांदीची अंगठी आणि तिच्यात मधाच्या रंगाचा लसण्या, मांजरीच्या डोळ्यासारखी सरकती उजळ रेघ दाखवणारा दगड. मुलाला फिट्स यायच्या. गोळ्यांनी त्या आटोक्यात आल्या होत्या. पण पत्रिका बघणाऱ्या कुणीतरी केतूचा दोष सांगितला, सव्वापाच रत्तीचा लसण्या घालायला लावला आणि दगड लागू पडला की गोळ्यांचं काम उरत नाही, असंही सांगितलं. मावशींनी पाटल्या मोडल्या. मुलाच्या बोटात अंगठी आली, गोळ्या बंद झाल्या. काही दिवस बरे गेले आणि मग एकाच आठवड्यात दोनदा आकडी आली.

"दुकानदाराने फसवलं हो मॅडम. खोटा आहे एवढं लिहून द्या, म्हणजे त्याच्याकडून पैसे घेऊन दुसरा घेता येईल."

त्यांचा हिशोब सरळ होता. खरा असता तर फिट आलीच नसती.

शंका घ्यायला जागा होतीच. लसण्या म्हणून बाजारात बरंच काही खपतं. खरा लसण्या म्हणजे क्रायसोबेरिल, बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. पण तशीच रेघ दाखवणारा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीचा दगड, त्याच्या कितीतरी कमी दरात मिळतो. टायगर आय नावाचा तपकिरी-सोनेरी दगड दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केपमधून येतो, तोही क्वार्ट्झच. आणि काचेचे तंतू एकत्र वितळवून केलेला नकली दगड तर इतकी लखलखीत, सरळ रेघ दाखवतो की नवखा माणूस त्यालाच सगळ्यात भारी समजेल. तो बाजूने भिंगाखाली धरला की मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी दिसते, आणि तिथेच त्याचा निकाल लागतो.

या दगडात जाळी नव्हती. मायक्रोस्कोपखाली अतिशय बारीक, एकमेकींना समांतर सुया दिसल्या, मधे मधे तुटलेल्या, निसर्गात असतात तशा. दिवा एका बाजूने धरला तर रेघेच्या दिव्याकडच्या अर्ध्या भागात मधाचा रंग आणि पलीकडे दुधाळ छटा. दगड फिरवला की दोन्हींची अदलाबदल. चांगल्या लसण्याची ही खूण मी कितीदा पाहिली असेल, तरी दर वेळी हात क्षणभर थांबतोच. घुमटाकार दगडाला सपाट पैलू नसतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे दगडात प्रकाश किती वाकतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, द्रवाच्या बारीक थेंबावर टेकवून अंदाजे आकडा घ्यावा लागतो. तो १.७५ च्या आसपास आला. क्वार्ट्झ असता तर १.५४-१.५५ आला असता. प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपमध्ये जांभळ्या भागात, ४४४ नॅनोमीटरजवळ, लोहामुळे येणारा गडद पट्टा दिसला.

तेवढ्यावर माझी खात्री झाली होती. तरी मावशींची परवानगी घेऊन कारागिराकडून दगड अंगठीतून सोडवून घेतला. हवेत आणि पाण्यात वजन करून विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड ते, काढलं: ३.७३. क्वार्ट्झचं २.६५ असतं. आता कुठलाच प्रश्न उरला नव्हता. दगड खरा होता, आणि चांगल्यापैकी होता.

कारागीर यायचा होता तेव्हाच मुलाने विचारलं होतं, "ही रेघ सरकते कशी?" आत्तापर्यंत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तोही काही बोलला नव्हता. मी त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. या सुया रूटाइल नावाच्या खनिजाच्या असतात, कधी नुसत्या पोकळ नळ्या असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश सुयांच्या आडव्या दिशेने परततो आणि घुमटाकार माथा तो एका पट्टीत गोळा करतो. दगड हलला की पट्टी हलते. म्हणून कापणारा दगडाचा तळ सुयांना समांतर ठेवतो. त्यात चुकला तर रेघ माथ्यावरून घसरून एका कडेला जाते. श्रीलंकेत रत्नपुराच्या आसपास नदीने साठवलेल्या खडीच्या थरातून, तिकडे त्याला 'इल्लम' म्हणतात, असे दगड टोपल्यांत धुऊन काढतात. केरळात तिरुवनंतपुरमच्या भागात आणि ओडिशातही मिळतात. कठीणपणा ८.५, त्यामुळे नदीत गडगडत येऊनही तो टिकून राहतो. मुलगा ऐकत होता आणि डोळा भिंगावरून काढत नव्हता.

निकाल सांगायची वेळ आली तेव्हा मी मावशींना आतल्या खोलीत बसवलं. खोटा दगड म्हणजे वाईट बातमी, ती द्यायची मला सवय आहे. खरा असल्याचं सांगताना मात्र शब्द सुचेनात. खोटा असता तर त्यांची श्रद्धा शाबूत राहिली असती, आणि मुलगा दुसरा दगड येईपर्यंत गोळ्यांवाचून राहिला असता.

"मावशी, दगड अस्सल आहे. कुणी फसवलेलं नाही."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण पोथ्यांत लिहिलंय ना सगळं?"

लिहिलं आहे, आणि मला ते लिखाण प्रिय आहे. गरुडपुराणात बलासुराच्या गर्जनेतून वैडूर्य, म्हणजेच लसण्या, जन्मल्याची कथा आहे. रसरत्नसमुच्चय या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथात उत्तम वैडूर्याचं लक्षण सांगताना त्याच्या पोटात शुभ्र उत्तरीय फिरत असतं, असं म्हटलंय. सरकणाऱ्या रेघेचं इतकं नेमकं वर्णन माझ्या पाठ्यपुस्तकांतही नाही. त्याच ग्रंथात त्याचे गुण रक्तपित्तावरचे (म्हणजे रक्तस्रावाच्या विकारावरचे), पित्तविकारांवरचे, बुद्धी-आयुष्य-बळ वाढवणारे असे सांगितले आहेत. पण ते रत्न वैद्याने शुद्ध करून, त्याचं भस्म करून पोटात द्यायचं औषध म्हणून. बोटात घातलं की चालू औषध बंद करा, असं त्यात नाही. दगड काय आहे ते मी शंभर टक्के सांगू शकते. तो बोटात घातल्याने मेंदूतल्या फिट्स थांबतात याचा कुठलाही पुरावा माझ्या पाहण्यात नाही, हेही मी त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. आणि फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या तर लागोपाठ, न थांबणारी आकडी येऊ शकते, त्यात जीव जाऊ शकतो, हे त्याहून मोठ्या आवाजात.

"मग अंगठी काढू का?"

"अंगठी राहू दे हवी तर. डॉक्टरांना आत्ता फोन लावा. मनाने गोळ्या सुरूही करू नका, किती आणि कशी ते त्यांनाच ठरवू द्या."

फोन माझ्या टेबलावरूनच झाला. डॉक्टर आधी रागावले, मग म्हणाले, गावी जाऊ नका, मुलाला आजच इथल्या सरकारी रुग्णालयात दाखवा, गोळ्यांची नावं मी पाठवतो. तोवर कारागिराने दगड परत बसवला होता. लोकलच्या दारात उभं राहू नकोस, एवढं मी मुलाला दोनदा बजावलं.

रिपोर्टवर मी लिहिलं: नैसर्गिक क्रायसोबेरिल, कॅट्स आय. मावशींनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. दुकानदाराशी भांडायला आता त्याचा उपयोग नव्हता.

तेव्हापासून ग्रहाचा दगड तपासायला आणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, कुणासाठी घेतला, आजारासाठी असेल तर औषध चालू आहे ना. आमच्या फॉर्मवर असा रकाना नाही. काही जण चिडतात, तुमचं काम दगड बघायचं, म्हणतात. काही जण मात्र खुर्ची पुढे ओढून सगळं सांगतात.