सातवीचं नियोजन आणि काट्याच्या पावत्या

वार्षिक नियोजनाचा तक्ता आमच्याकडे शाळा सुरू झाल्या झाल्या मागतात. एका बाजूला महिने, दुसऱ्या बाजूला विषय, आणि प्रत्येक चौकटीत घटक, तासिका, अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक. गणिताचा मधला आकडा ७१, विज्ञानाचा ७२. इतिहास-भूगोल ७३, पण त्यातही इतिहासाला एच आणि भूगोलाला जी, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी दोन्ही एकत्र शिकवायला नको! शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस आणि १००० तास भरावे लागतात. तक्त्यात ते बरोबर भरतात. वर्गात भरत नाहीत, कारण आमच्या वाडीचं वर्ष जून ते एप्रिल असं चालतच नाही.

बीड जिल्ह्यातली डोंगरकडेची वाडी. दसरा झाला की ऊसतोडीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमांची ये-जा वाढते, दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर लागतात, आईबापांबरोबर पोरं निघतात आणि सातवीचा वर्ग निम्म्यावर येतो. हंगामी वसतिगृह होतं तेव्हा आजी-आजोबांजवळ काही मुलं थांबतात, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मागे ठेवायला आई तयार होत नाही. तिला का ठेवत नाहीस, हे विचारायची माझी हिंमत कधी झाली नाही. जाताना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. फड, म्हणजे तोडीला घेतलेलं उसाचं शेत, हलला की राहायची कोपी (झोपडी) हलते, शाळा मागे राहते. बहुतेक कार्डं जशी नेली तशी घडी घालून परत येतात.

तर गेल्या वर्षी मी तक्ता जरा वेगळ्या पद्धतीने भरला. सगळं वर्ष उसाभोवती बांधलं.

डी.एड.ला ‘समवाय’ नावाची पाच गुणांची टीप असायची. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम आली, हस्तोद्योग मध्यभागी ठेवून बाकीचे विषय त्याला जोडायचे, वगैरे. आम्ही ती पाठ केली, लिहिली, गुण घेतले. आता मध्यभागी टकळीच्या जागी कोयता ठेवायचा होता, एवढंच. सहाव्या-सातव्या वर्षापासून ही पोरं फडावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतात. त्यांना जे माझ्यापेक्षा जास्त कळतं तिथून सुरुवात करावी, असा साधा हिशोब होता.

पुस्तकं समोर मांडली तेव्हा लक्षात आलं की सातवीचं गणित जणू ऊसतोड्यांच्या पोरांसाठीच लिहिलंय. जोडस्तंभालेख आहे, समप्रमाण-व्यस्तप्रमाण आहे, ‘बँक व सरळव्याज’ आहे, सांख्यिकी आहे. विज्ञानात भौतिक राशींचे मापन. भूगोलात मृदा, कृषी, मानवी वस्ती. घोळ एकच, समप्रमाणापासून पुढचं सगळं गणित दुसऱ्या सत्रात. म्हणजे ज्यांच्या घरात उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचा, व्यवहार चालतो, त्या मुलांनी व्याजाचा धडा कधी वर्गात बसून ऐकलेलाच नसतो. धडा येतो तेव्हा ती सांगलीत नाहीतर बेळगावकडे असतात.

मग मी धडे उचलून पुढे आणले. समप्रमाण जुलैमध्ये, सरळव्याज आणि सरासरी ऑगस्टमध्ये. व्यस्तप्रमाणाला उदाहरण शोधावं लागलंच नाही. ‘आठ कोयत्यांना फड तोडायला सहा दिवस लागतात, तर बारा कोयत्यांना किती?’ मागच्या बाकावरून लगेच, ‘चार. पण मॅडम, ऊस आडवा पडलेला आसंल तर पाच.’ कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे पुस्तकवाल्यांना समजावून सांगावं लागेल, माझ्या वर्गाला नाही. भूगोलात प्रत्येकाने स्वतःच्या घरचा रस्ता नकाशावर काढला आणि प्रमाण वापरून अंतर मोजलं. मराठीत १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आज्या-आजोबांच्या मुलाखती. मापनाच्या धड्याला गावातल्या आडत्याकडचा वजनकाटा, आणि आधी रिकामी गाडी मग भरलेली गाडी का तोलतात याची चर्चा. ती चर्चा दोन तासिका चालली. पोरांना उसाची पाचट, माती, दोरखंड, ड्रायव्हरचं वजनसुद्धा माहीत होतं.

आमच्या गणिताच्या सरांना हे अजिबात पटलं नव्हतं. ‘दिवाळीआधी दुसरं सत्र शिकवलं तर पहिल्या सत्राच्या चाचणीचं काय?’ त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. संकलित चाचणीचा पेपर वरून येतो आणि तो पहिल्या सत्रावरच असतो. माझ्या मुलांना व्याज येत होतं आणि विचारलं घातांकाचं गेलं. केंद्राच्या यादीत आमची सातवी घसरली आणि मी ऐकून घेतलं. केंद्रप्रमुखांनी तेवढ्यावर भागवलं नाही. सगळा खटाटोप बघून म्हणाले, ‘मॅडम, हे दहा दिवस दप्तराविना शाळेत दाखवून टाका, फोटो छान येतील.’ नव्या धोरणातले ते दहा दिवस चांगलेच आहेत, पण वर्षभराचं काम दहा दिवसांत दाखवायचं कसब माझ्यात नाही.

जाणाऱ्या मुलांसाठी मी ‘फडाची वही’ केली. दोनशे पानी, साधी, रोजचं एक पान. रकाने असे: तारीख, गावाचं नाव, उसाची जात, दिवसभराच्या मोळ्या, गाडीचं वजन, पावती क्रमांक. खाली चार ओळी मोकळ्या, वाटेल ते लिहायला. पावतीचा रकाना मी का घातला याचं उत्तर अगदीच शाळकरी आहे. मला दशांश अपूर्णांकांची बेरीज हवी होती. काट्यावरची वजनं टनात, तीन दशांश स्थळांपर्यंत येतात. सरावाला एवढी खरी उदाहरणं दुसरीकडे कुठे मिळाली असती?

वह्या एप्रिलच्या सुरुवातीला परत आल्या. काही आल्याच नाहीत. एक चुलीत गेली होती, एकीच्या पानांच्या पुड्या झाल्या होत्या. काहींत नोव्हेंबरभर सुंदर अक्षर आणि पुढे कोरी पानं. एका मुलाने स्वतःच्या मनाने सातवा रकाना आखला होता, ‘खुशाली’. शेतकऱ्याने टोळीला वरून दिलेले पैसे, तारीखवार. जातीच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ८६०३२, एका ठिकाणी ‘कारखान्याचा ऊस, जात इचारू दिली नाय’.

आणि एक वही पूर्ण होती. त्या मुलीच्या टोळीत वाचता येणारं माणूस म्हणजे ती. काट्यावरून गाडी आली की ड्रायव्हर पावती दाखवायचा, टोळीतले बाप्ये तिला हाक मारायचे, ती आकडा मोठ्याने वाचायची आणि वहीत उतरवायची. शंभरावर पावत्या. मोकळ्या चार ओळींत तिने फारसं काही लिहिलं नव्हतं. ‘आज भाऊ आजारी’, ‘आज खाडा धरला’, असं.

आठवड्याभरात मी ती वही वर्गात घेतली. तिला विचारूनच. फळ्यावर गट पाडले, प्रत्येक गटाला एकेक महिना. मोळ्यांचा आणि टनांचा जोडस्तंभालेख, एका मोळीचं सरासरी वजन, गावागावांत फरक का. एका गटाला डिसेंबरची मोळी हलकी निघाली, आणि लगेच वाद, की ऊस हलका होता की मोळ्या मोजायला चुकली. मला हवं होतं ते सगळं होत होतं. शेवटी महिन्यांच्या बेरजा फळ्यावर घेऊन एकूण काढलं, २१३६ टन.

ती जागेवरूनच म्हणाली, ‘मॅडम, मुकादमानं २०५५.४ सांगितलंय.’

वर्ग एकदम तिच्याकडे वळला. फरक ८०.६ टनांचा. मी सहज म्हटलं, कुठेतरी पावती दोनदा लिहिली गेली असेल, शोधूया. मुलांनी पावती क्रमांक चढत्या क्रमाने लावायला घेतले. हे मी सुचवलं नव्हतं. एकाने सुचवलं आणि बाकीच्यांनी धरलं. असं काम वर्गात होताना बघणं हा या नोकरीतला सगळ्यात मोठा पगार आहे. अर्ध्या तासात जोडी सापडली, तोच क्रमांक, १७.६ टन, एकदा रात्रीच्या तारखेला आणि एकदा दुसऱ्या दिवशीच्या. ती वजा केली. उरले २११८.४. फरक ६३.

पुढचं गणित मी सांगायच्या आधीच फळ्यावर होतं. २०२४ च्या करारापासून टनाला ३६६ रुपये. ६३ टनांचे २३,०५८. टोळीत नऊ कोयते, म्हणजे एकेका कोयत्याचे २५६२. एक मुलगा उठून म्हणाला, ‘उचल लाखाची. मुकादमाच्या आकड्यानं कोयत्याला ८३,६०० झाले. १६,४०० फिटायचेत. ते पुढच्या साली.’ मग त्याने ऑगस्टमधल्या धड्यातला प्रश्न मला विचारला. ‘मॅडम, बाकीवर व्याजाचा दर काय लावायचा?’

दर कुणालाच माहीत नव्हता. मुलीलाही नाही. ती म्हणाली, ‘बापूला इचारते.’

तो शनिवार होता. संध्याकाळी तिचे वडील आणि चुलते माझ्या खोलीवर आले. भांडायला आले नव्हते, हे आधी सांगते. पाणी दिलं, चहा ठेवला. बराच वेळ पावसाचं बोलले. मग वडील म्हणाले, ‘म्याडम, लेकराचं गणित खरं आसंल. पण ते वहीतच ऱ्हाऊ द्या.’

मी विचारलं, मुकादमाला पावत्या दाखवून नुसतं विचारायला काय हरकत आहे? गाडी दुसऱ्या टोळीची असेल, पावती अदलाबदल झाली असेल, वजनात काही कपात असेल. काहीही असू शकतं. चुलते हसले. ‘कायबी आसंल. आमी इचारलं तर पुढच्या साली उचल कोण देईल? आन् तो काय परका हाय का? ह्याच गावातला हाय. पोरीच्या आजारपणात रातच्याला त्यानंच गाडी दिली होती.’

हे मला माहीत नव्हतं. खरं तर मुकादमाबद्दल माझ्या डोक्यात एक तयार चित्र होतं, त्यात रात्रीची गाडी नव्हती.

वही मी परत दिली. वडिलांनी ती पिशवीत घातली, आणि जाताना विचारलं, ‘ते व्याजाचं पोरगी इचारत होती. त्येचा धडा पुस्तकात हाय?’ मी पान दाखवलं. त्यांनी पान क्रमांक चुलत्यांना लक्षात ठेवायला सांगितला.

सोमवारी मुख्याध्यापक सरांनी मला बोलावून घेतलं. गावात कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. ‘उपक्रम चांगला, पण आपण शिक्षक आहोत, युनियन नाही.’ मी म्हटलं, मी दशांश शिकवत होते. ते म्हणाले, तेच म्हणतोय मी. तिकडे केंद्रप्रमुखांचे रोज निरोप, फळ्याचा फोटो पाठवा, शिक्षण परिषदेत दाखवू. मी पाठवला नाही. फळ्यावर माणसांचं देणं लिहिलेलं होतं. जोडस्तंभालेखाचा तेवढा पाठवला, त्याचं कौतुक झालं.

मूल्यमापन नोंदवहीत त्या मुलीच्या नावापुढे आकारिकमध्ये मी पूर्ण गुण दिले. वर्णनात्मक नोंदीत काय लिहायचं ते मात्र सुचेना. छापील वाक्यांच्या यादीत ‘दैनंदिन व्यवहारात गणिताचा उपयोग करते’ असं एक वाक्य आहे. तेच लिहिलं.

आता पुन्हा जून. तोच तक्ता समोर आहे आणि माझं मन एका जागी ठरत नाही. कधी वाटतं पावतीचा रकाना काढून टाकावा, मोळ्यांवर भागतं. दशांशाला दुधाच्या डेअरीचे आकडे मिळतीलच. कधी वाटतं तो काढला तर बाकी सगळं उसाचं वर्ष नुसतं सजावटीला उरेल. नकाशे, मुलाखती, आलेख आणि फोटो. ज्या एका ठिकाणी पुस्तक आणि घर खरंच एकमेकांना भिडले, तेच ठिकाण मी वगळायचं?

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला तिची आई आली होती. ती सदस्य आहे, पण मागे बसते. विषय पोषण आहाराच्या शेगडीचा चालला होता. तो संपला आणि माईकवर बोलल्यासारखं ती उभी राहून बोलली, ‘ते पावतीचं रकानं ऱ्हाऊ द्या, म्याडम. धाकटा औंदा सातवीत हाय, त्यालाबी वही द्या. मुकादमाचा आकडा तेवढा शाळंत नगं. त्यो आमचा आमी घरी लावू.’ मुख्याध्यापक सर इतिवृत्तात काय लिहावं म्हणून माझ्याकडे बघत राहिले.

बैठक उठल्यावर गणिताचे सर माझ्या टेबलाशी आले. गेलं वर्षभर ज्यांनी एक तासिका इकडची तिकडे होऊ दिली नव्हती, ते म्हणाले, सरळव्याज ऑगस्टमध्ये घेऊ, माझ्या चार तासिका घ्या. फक्त चाचणीआधी घातांक मी माझ्या पद्धतीने उरकून घेणार. मी लगेच तक्त्यात त्यांच्या नावाने चौकट भरून घेतली, पेनाने.